बिलातला ‘स्थिर आकार’ आला कुठून? शिकागोच्या सॅम्युअल इन्सल यांची ओळख

वीजबिल हातात पडलं की गावात दोन प्रश्न हमखास निघतात. घर महिनाभर बंद होतं, एक युनिट जळालं नाही, मग हा स्थिर आकार कशाचा? आणि शेतीपंपाला लाईट इतकी वर्षं रात्रीचीच का दिली? पारावर दोन्हींवर भरपूर बोललं जातं, पण हिशेब कुणी मांडून दाखवत नाही.

दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, आणि ते शोधत गेलं की सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या शिकागो शहरात जाऊन पोहोचावं लागतं. तिथं सॅम्युअल इन्सल नावाचे एक गृहस्थ वीज कंपनी चालवत होते. विजेची मागणी वर्षागणिक वाढत असताना ती स्वस्त कशी करायची, याचं गणित त्यांनी बसवलं. आज जगभरातल्या वीज कंपन्या बहुतेक त्याच गणितावर चालतात. पुढं हेच इन्सल कर्जात बुडाले आणि लाखो लोकांचे पैसेही बुडाले. त्यांच्या कामाची आणि चुकीची ही माहिती.

थोडक्यात

नाव: सॅम्युअल इन्सल
जन्म: ११ नोव्हेंबर १८५९, लंडन
मृत्यू: १६ जुलै १९३८, पॅरिस
काम: थॉमस एडिसन यांचे सचिव, नंतर शिकागो एडिसन व कॉमनवेल्थ एडिसन या वीज कंपन्यांचे अध्यक्ष
ओळख: मोठी वीजनिर्मिती केंद्रं, मागणीवर आधारित वीजदर, वीज नियामक आयोगाचा पुरस्कार
बदनामी: १९३२ मध्ये कोसळलेला होल्डिंग कंपन्यांचा डोलारा

चौदाव्या वर्षी शाळा सुटली

इन्सल यांचं घर गरीब. वडील धर्मप्रचार आणि दारूबंदीचं काम करायचे, त्यात पैसा फारसा नव्हता. चौदाव्या वर्षी शाळा सोडून पोरगं एका लिलाव कंपनीत ऑफिसबॉय म्हणून लागलं. रात्री बसून लघुलेखन शिकलं. ही एक कला पुढं फार कामाला आली.

ती नोकरी गेल्यावर पेपरातली जाहिरात बघून त्यांनी अर्ज केला आणि एडिसन यांच्या लंडनमधल्या प्रतिनिधीकडं काम मिळालं. १८८१ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते बोटीनं न्यूयॉर्कला उतरले आणि थेट एडिसन यांचे खासगी सचिव झाले. एडिसन यांचं डोकं शोधात, त्यामुळं पत्रव्यवहार, पैशांची जुळवाजुळव, कोणाचं देणं आधी भागवायचं, हे सगळं इन्सल यांच्या गळ्यात पडलं.

१८८२ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसन यांचं वीजघर सुरू झालं. विजेचा धंदा जन्माला येताना इन्सल तिथंच होते. १८८६ पासून त्यांनी स्केनेक्टडी गावातला एडिसन यांचा यंत्रांचा कारखाना सांभाळला. काही वर्षांत तिथले कामगार काहीशेवरून हजारोंवर गेले.

मोठा पगार सोडून छोटी कंपनी

१८९२ मध्ये एडिसन यांची कंपनी दुसऱ्या कंपनीत मिसळून जनरल इलेक्ट्रिक तयार झाली. इन्सल यांना तिथं उपाध्यक्षपद होतं, पगार वर्षाला ३६ हजार डॉलर. ते सोडून ते शिकागो एडिसन या छोट्या कंपनीचे अध्यक्ष झाले, पगार १२ हजार डॉलर. म्हणजे तिसरा हिस्सा.

तेव्हा शिकागोत वीज विकणाऱ्या अनेक छोट्या कंपन्या होत्या. एकेक जण दोन-चार गल्ल्यांपुरतं जनित्र लावून बसलेला. श्रीमंतांची घरं, हॉटेलं, नाटकगृहं एवढंच गिऱ्हाईक. बाकी शहर गॅसच्या दिव्यांवर. वीज ही चैनीची वस्तू होती आणि बहुतेकांना ती तशीच राहणार असं वाटत होतं. इन्सल यांना तसं वाटत नव्हतं. त्यांनी एकेक कंपनी विकत घ्यायला सुरुवात केली.

खरी अडचण घड्याळाची

इथं मुख्य मुद्दा येतो, तो नीट समजून घेऊ.

धान्य पोत्यात भरून ठेवता येतं, ऊस चार दिवस फडात थांबतो, दूध थंड करून ठेवता येतं. वीज तशी ठेवता येत नव्हती. आता मोठ्या बॅटऱ्या आल्या आहेत, पण आजही बहुतेक वीज ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी वापरली जाते. त्यामुळं कंपनीला यंत्रं उभी करावी लागतात ती सरासरी मागणीसाठी नाही, तर सगळ्यांनी एकदम बटण दाबलं त्या एका तासासाठी.

शिकागोत हा तास डिसेंबरातल्या संध्याकाळी यायचा. थंडीत अंधार लवकर पडतो. कारखाने आणि ऑफिसं अजून सुटलेली नसतात, ट्राम भरून धावत असतात आणि घरातले दिवेही लागलेले असतात. त्या तासासाठी घेतलेलं यंत्र बाकीचा दिवस निम्मं रिकामं बसायचं. पण त्याच्या कर्जाचं व्याज चोवीस तास चालू.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. दोघांनी सारख्याच किमतीचा ट्रॅक्टर कर्जानं घेतला. एकाचा वर्षात पंचवीस दिवस चालतो. दुसरा नांगरट, पेरणी, ऊसवाहतूक, मुरूम असं करून अडीचशे दिवस चालवतो. हप्ता दोघांचा तोच. मग एकरी दर कमी कोण लावू शकेल? अर्थात दुसरा.

इन्सल यांनी वीजघराकडं अशाच नजरेनं बघितलं. यंत्र जेवढं चालू शकतं त्यातलं प्रत्यक्षात किती चालतं, याला वीज खात्यात लोड फॅक्टर म्हणतात. तो वाढला की युनिटचा खर्च उतरतो. कोळशाच्या भावापेक्षा हा आकडा जास्त महत्त्वाचा आहे, हे त्यांनी ओळखलं.

ब्रायटनमधलं मीटर

१८९४ च्या नाताळात इन्सल इंग्लंडला गेले असताना समुद्रकाठच्या ब्रायटन गावात थांबले. तिथं संध्याकाळी लहान दुकानांतसुद्धा विजेचे दिवे. एवढ्या लहान गिऱ्हाइकांना वीज परवडते कशी, याची त्यांनी चौकशी केली. तिथल्या वीजघराचे व्यवस्थापक आर्थर राइट यांनी एक वेगळं मीटर बनवलं होतं. किती युनिट जळाले यासोबत, गिऱ्हाइकानं एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली हेही त्यातून कळायचं.

त्यावरून दराचे दोन भाग पडले. पहिला भाग तुमच्यासाठी कंपनीला यंत्र आणि तारा राखून ठेवाव्या लागतात त्याचा. दुसरा भाग प्रत्यक्ष जाळलेल्या युनिटचा, आणि तो बराच स्वस्त. म्हणजे जो एका तासापुरता भरपूर वीज ओढतो त्याला युनिट महाग पडणार आणि जो दिवसभर सारखी वापरतो त्याला स्वस्त.

इन्सल यांनी ही पद्धत शिकागोत आणली आणि तिथून ती पसरली. आपल्या घरगुती बिलातला स्थिर आकार आणि वीज आकार, कारखान्यांच्या बिलातला मागणी आकार, हे सगळे त्याच विचाराचे वारसदार आहेत. घर बंद असलं तरी डीपी, तारा, खांब तुमच्या वाट्याचे उभे असतात, त्याचे पैसे स्थिर आकारात धरलेले असतात. तो किती असावा यावर भांडायला जागा आहे. पण तो हवेतून आलेला नाही.

वेगवेगळ्या वेळेची गिऱ्हाइकं

यंत्र दिवसभर चालवायचं तर वेगवेगळ्या वेळी वीज लागणारी गिऱ्हाइकं पाहिजेत. इन्सल यांनी ती शोधून आणली. ट्राम आणि उंचावरून धावणाऱ्या रेल्वे कंपन्यांची स्वतःची वीजघरं होती. त्यांना एवढा कमी दर दिला की स्वतः वीज तयार करण्यापेक्षा विकत घेणं परवडू लागलं. कारखान्यांनाही तसंच वळवलं. घरोघरी विजेच्या इस्त्र्या वापरून बघायला दिल्या, कारण इस्त्री दिवसा होते आणि तेव्हा यंत्र रिकामं असतं.

त्यांनी एका भाषणात शिकागोतल्या एका वस्तीचं उदाहरण दिलं होतं. तिथं १९३ फ्लॅट. प्रत्येकाची सर्वात जास्त मागणी वेगवेगळी मोजून बेरीज केली तर ती ६८.५ किलोवॅट भरत होती. पण सगळे एकाच वेळी सगळं चालू करत नाहीत, त्यामुळं एकत्र मागणी कधीच २० किलोवॅटच्या वर गेली नाही. प्रत्येकानं स्वतःचं जनित्र घेतलं असतं तर तिपटीहून जास्त यंत्रं लागली असती. गावात पाच जणांनी पाच मळणी यंत्रं घेण्यापेक्षा दोनमध्ये भागतं, तोच हिशेब.

मागणी वाढली तशी यंत्रं अपुरी पडू लागली. तेव्हा इन्सल यांनी जनरल इलेक्ट्रिककडं ५ मेगावॅटचं वाफेचं टर्बाइन मागितलं. अमेरिकेत तेवढं मोठं टर्बाइन तोवर कुणी बसवलेलं नव्हतं. कंपनी कचरत होती, मग दोघांनी धोका वाटून घेतला. १९०३ च्या ऑक्टोबरात शिकागोच्या फिस्क स्ट्रीट केंद्रात ते सुरू झालं. ५ मेगावॅट म्हणजे ढोबळ मानानं पाच एचपीच्या सुमारे १,३०० मोटारी एकदम चालतील एवढी वीज. आज तालुक्यात तेवढे सौर प्रकल्प उभे राहतात, पण तेव्हा ती मोठी उडी होती. १९०७ मध्ये त्यांच्या दोन कंपन्या मिळून कॉमनवेल्थ एडिसन झाली. मागणी वाढली म्हणून मोठं यंत्र, मोठ्या यंत्रामुळं दर कमी, आणि दर कमी म्हणून पुन्हा मागणी जास्त, असं हे चक्र सुरू झालं.

खेड्यांकडं तारा

१९१० च्या सुमारास इन्सल यांनी शिकागोच्या उत्तरेला लेक काउंटीत एक प्रयोग केला. तिथल्या अनेक गावांत वीज नव्हतीच. जिथं होती तिथं ती दिवस मावळल्यावर सुरू व्हायची आणि मध्यरात्रीच्या आसपास बंद. इन्सल यांनी गावोगावची किरकोळ जनित्रं बंद केली आणि सगळी गावं एका मोठ्या वाहिनीवर जोडली. गावांना चोवीस तास वीज मिळू लागली, काही शेतांवरही पोहोचली. गावाला दिव्यांसाठी संध्याकाळी वीज लागते, शेतावर कामासाठी दिवसा. वेळा वेगळ्या, म्हणून एकच तार दोघांना पुरते.

त्याच काळात आपल्याकडं टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. त्याचं मुख्य गिऱ्हाईक होत्या मुंबईच्या कापड गिरण्या. त्याही आधी वाफेच्या इंजिनावर चालायच्या. दिवसभर सारखी वीज ओढणारं गिऱ्हाईक आधी पकडायचं, ही गोष्ट तिथंही दिसते.

आयोगाची सूचना वीज कंपनीवाल्यानंच केली

१८९८ मध्ये वीज कंपन्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष म्हणून भाषण करताना इन्सल यांनी एक सूचना मांडली. वीज कंपनीला एका भागात एकटीनं धंदा करू द्यावा आणि बदल्यात तिचे दर सरकारी आयोगानं ठरवावेत. एका रस्त्यावर तीन कंपन्यांचे खांब उभे करणं म्हणजे तिप्पट खर्च, आणि तो शेवटी गिऱ्हाइकाच्याच डोक्यावर, असं त्यांचं म्हणणं.

यात त्यांचा स्वार्थ होताच. स्पर्धा टळणार होती, आणि परवान्यासाठी पैसे मागणाऱ्या शहरातल्या पुढाऱ्यांचा ससेमिरा सुटणार होता. त्या वेळी इतर कंपन्यांना ही सूचना आवडली नाही. पण पुढं अनेक राज्यांत असे आयोग झाले. इलिनॉय या त्यांच्या राज्यातला आयोग १९१४ मध्ये कामाला लागला. महाराष्ट्रातला वीज नियामक आयोग १९९९ चा.

कर्जाचा डोंगर

इथपर्यंतचे इन्सल हे कामाचे माणूस. पुढची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे.

१९१२ मध्ये त्यांनी मिडल वेस्ट युटिलिटीज ही होल्डिंग कंपनी काढली. होल्डिंग कंपनी स्वतः वीज तयार करत नाही, ती दुसऱ्या कंपन्यांचे शेअर धरते. खालच्या कंपनीचे निम्म्याहून थोडे जास्त शेअर घेतले की ताबा आपला. मग त्या कंपनीनं तिच्या खालचीचे घ्यायचे, असं करत थोड्या पैशावर मोठा कारभार हाताखाली येतो. १९३० पर्यंत या साखळीत हजारो गावं आणि शहरं आली होती.

पैसा लोकांकडून आला. कंपनीचे कर्मचारी आणि वीज ग्राहक यांनाच शेअर विकले गेले. शिक्षक, विधवा, दुकानदार, साध्या नोकरदारांनी ‘वीज कंपनी कधी बुडते का’ म्हणून आयुष्याची पुंजी त्यात घातली.

१९२८ पासून सायरस ईटन नावाच्या एका भांडवलदारानं इन्सल यांच्या कंपन्यांचे शेअर गोळा करायला सुरुवात केली. ताबा जाईल या भीतीनं इन्सल यांनी आणखी दोन गुंतवणूक कंपन्या उघडल्या. १९२९ च्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला, तरी त्यांनी आवरतं घेतलं नाही. १९३० मध्ये ईटन यांचे शेअर सुमारे ५ कोटी ६० लाख डॉलरला घेतले, त्यासाठी बँकांकडं शेअर तारण ठेवून कर्ज काढलं. भाव उतरत गेले तसं तारण अपुरं पडत गेलं. शेवटी सगळं बँकांच्या हातात गेलं.

१९३२ च्या एप्रिलमध्ये मिडल वेस्ट युटिलिटीज बुडाली. जूनमध्ये इन्सल यांनी सगळ्या पदांचे राजीनामे दिले आणि ते युरोपात निघून गेले. लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे शिकागोला वीज देणारी कॉमनवेल्थ एडिसन बुडाली नाही. दिवे चालूच राहिले. विजेचा धंदा पक्का होता, वर रचलेला कर्जाचा मजला कोसळला.

शेवट

त्या वर्षीच्या निवडणुकीत फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी इन्सल यांचं नाव घेऊन टीका केली. खटले दाखल झाले. इन्सल ग्रीसमध्ये राहिले, तिथून निघाल्यावर १९३४ मध्ये इस्तंबूलला पकडले गेले आणि अमेरिकेत आणले गेले. तीन खटले चालले, तिन्हींत ते निर्दोष सुटले. कायद्यानं सुटले, पण ज्यांची पुंजी गेली त्यांना ती परत मिळाली नाही.

१६ जुलै १९३८ रोजी पॅरिसच्या मेट्रो स्टेशनवर हृदयविकाराच्या झटक्यानं त्यांचा मृत्यू झाला. वय ७८. खिशात पाकीट सापडलं नाही, किरकोळ नाणी होती.

१९३५ मध्ये अमेरिकेनं होल्डिंग कंपन्यांना वेसण घालणारा कायदा केला. त्याच वर्षी ग्रामीण विद्युतीकरणासाठी सरकारी यंत्रणा उभी राहिली, कारण तोवर तिथल्या दहापैकी साधारण नऊ शेतांवर वीज नव्हती. लेक काउंटीत जे जमलं ते दूरच्या खेड्यांत करायला खासगी कंपन्या पुढं आल्या नाहीत. लांब तार, कमी गिऱ्हाईक, परवडत नाही, हे त्यांचं उत्तर. मग शेतकऱ्यांनी सरकारी कर्ज घेऊन सहकारी वीज संस्था काढल्या आणि स्वतःच तारा ओढल्या.

त्या सहकाराचा धागा आपल्यापर्यंत आलेला आहे. अमेरिकेच्या मदतीनं १९७० च्या सुमारास भारतात पाच ठिकाणी अशा संस्था सुरू झाल्या. त्यातली महाराष्ट्रातली म्हणजे नगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा. ती २०११ पर्यंत चालली.

आपल्या शेताशी संबंध काय?

आता रात्रीच्या लाईटकडं येऊ. रात्री कारखान्यांचा आणि घरांचा वापर उतरतो. औष्णिक केंद्र मात्र मोटारीसारखं बंद-चालू करता येत नाही. मग ती शिल्लक वीज कुणाला द्यायची? शेतीपंपाला. पाणी दुपारी दिलं काय, रात्री दिलं काय, कागदावर सारखंच. हा सरळ इन्सल यांचा हिशेब आहे, यंत्र रिकामं ठेवायचं नाही.

पण एक फरक राहिला. शिकागोत रात्री वीज घेणाऱ्या कारखान्यात पाळीचा कामगार असायचा. आपल्याकडं रात्री बॅटरी घेऊन बांधावर जाणारा शेतकरी स्वतःच पाळीवर असतो. आमच्या शिवारातही रात्रपाळीचा आठवडा आला की घरचे जागेच असतात. पाय सापावर पडेल, स्टार्टरला ओल असेल, माणूस घरी येईपर्यंत जिवाला घोर. शेतीला दरात सवलत आहे हे खरं, पण या जागरणाची किंमत कुठल्या मीटरवर येत नाही.

आता घड्याळ उलटं फिरलं आहे. सौर ऊर्जा वाढल्यामुळं भर दुपारी वीज मुबलक असते आणि टंचाई संध्याकाळी येते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीचे फिडर दिवसाच्या सौर विजेवर नेण्याचं काम त्याच आधारावर चाललं आहे. म्हणजे शेतकऱ्याला दिवसा वीज देणं हा आता उपकार राहिलेला नाही. इन्सल यांच्याच गणितानं बघितलं तर दुपारची वीज खपवायला शेतीपंपासारखं गिऱ्हाईक नाही.

दरवाढीचा प्रस्ताव आला की आयोग जाहीर सूचना काढतो आणि लोकांकडून लेखी हरकती मागवतो. तिथं मोठे कारखाने वकील घेऊन जातात, कारण त्यांना मागणी आकाराचा हिशेब कळतो. आपणही जाऊ शकतो. फक्त ‘बिल जास्त येतं’ एवढंच न लिहिता, आपला पंप कोणत्या तासाला चालतो, त्या तासाला वीज स्वस्त असते की महाग, आणि आपल्या फिडरला दिवसा वीज कधीपासून मिळणार, हे तीन प्रश्न लिहावेत. चौदाव्या वर्षी शाळा सोडलेल्या माणसाला हा हिशेब कळला होता. तो आपल्याला न कळण्यासारखा अवघड नाही.